भागूबाई काय पिऊन उचलतात?

मांडवीच्या आमच्या जिममध्ये सकाळी सगळ्यात आधी आवाज ऐकू येतो तो भागूबाईंचा. "ए निहार, पंखा लाव मेल्या! शिजवतोस काय आमाला?" पन्नाशी कधीच ओलांडलेली, मासळी बाजारात सुरमई-बांगडे विकणारी ही बाई. अंगात सलवार आणि मुलाचा जुना टी-शर्ट, बांगड्या कोपराकडे सरकवलेल्या. त्या वजनांच्या बारला हात घालतात तेव्हा मी माझी सायकल थांबवून बघत बसते. मी पद्मजा. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, जिममध्ये गुडघ्यांसाठी येते, आणि मला तोंड बंद ठेवता येत नाही हे तिथे सगळ्यांना माहीत आहे.

भागूबाई आल्या त्या पाठीमुळे. डॉक्टर म्हणाले, पाठ बळकट करा, नाहीतर डोक्यावर मासळीची पाटी घेणं विसरा. पाठ बळकट झाली आणि बाईंना वजनांची चटकच लागली! जमिनीवरचा बार दोन्ही हातांनी धरून सरळ उभं राहायचं, त्या प्रकाराला डेडलिफ्ट म्हणतात. त्यात त्या नव्वद किलोपर्यंत पोचल्या आणि अडकल्या.

अडकल्या नेमक्या नको तेव्हा. त्यांचा मुलगा दीपक डोंबिवलीला असतो. आईने बाजार सोडून आपल्याकडे राहायला यावं म्हणून तो कायम मागे लागलेला. शेवटी पैज लागली. जिल्हा स्पर्धेत शंभर किलो उचलले तर दीपक पुन्हा विषय काढणार नाही. नाही उचलले तर पाटी खाली ठेवायची आणि त्याच्या गाडीत बसायचं. भागूबाई एका क्षणात हो म्हणाल्या आणि मग घाबरल्या. "तिकडं जाऊन करू काय मी? खिडकीतून लोकांची वाळत घातलेली धुणी मोजू?"

निहार म्हणजे आमचा ट्रेनर. दंड मोठे, बोलणं त्याहून मोठं. त्याने लाल पावडरीचा डबा त्यांच्या हातात दिला. व्यायामाआधी पाण्यातून घ्यायची. "मावशी, अंगाला मुंग्या आल्या की समजायचं, चढली! हिच्याशिवाय नव्वदच्या पुढे कोणी जात नाही."

माझं डोकं फिरलं. डब्यावरचा मजकूर मी वाचला होता. त्यात कॅफीन भरपूर, आणि कॅफीनने खरंच थोडी ताकद वाढते, हे मी नाकारत नाही. पण बाकीच्या अर्ध्या गोष्टींची नावं लांबलचक आणि पुरावा तोकडा. "निम्मं काम विश्वासच करतो," मी म्हणाले. "करून दाखवा," निहार म्हणाला. मला तेवढंच हवं होतं!

भागूबाईंनाही हौस आली. मी घरून दोन तऱ्हेच्या बाटल्या आणायचं ठरवलं, लाल पट्टीची आणि निळ्या पट्टीची. दोन्हींत कोकमाचं खारट आगळ, कारण त्यापुढे कशाचीच चव कळत नाही. एकीत निहारची पावडर मिसळलेली, दुसरीत नुसतं आगळ आणि पाणी. बाटल्या भरायचे माझे यजमान, चिंतामणी. कोणती कशाची हे ते मलाही सांगायचे नाहीत. रोज सकाळी ते देतील ती बाटली भागूबाईंनी प्यायची आणि बार उचलायचा.

काय दिवस होते ते! अख्खी जिम आपला व्यायाम सोडून भागूबाईंभोवती गोळा व्हायची. मुंग्या त्यांना दोन्ही बाटल्यांनी यायच्या. आणि एका सकाळी, निळ्या बाटलीच्या दिवशी, त्या गप्प आल्या, कोणाशी बोलल्या नाहीत, आणि पंच्याण्णव किलो उचलून मोकळ्या झाल्या! आम्ही एवढे ओरडलो की शेजारचा इस्त्रीवाला धावत आला.

स्पर्धा जवळ आली तेव्हा चिंतामणींनी भर जिममध्ये गुपित फोडलं. निळी बाटली म्हणजे नुसतं आगळ! मी नाचायचीच बाकी होते. "बघा! पावडरीचा थेंब नव्हता पोटात! सगळा विश्वासाचा खेळ!" निहारचा चेहरा उतरला.

भागूबाई मात्र चुळबुळ करत होत्या. "बाई, रागावू नका हां. पंच्याण्णव उचलले त्या दिवशी संकष्टी होती. माझी चतुर्थी अळणी असते, मिठाचा कण चालत नाय. आणि तुमचं आगळ खारट. तुम्ही एवढ्या हौसेनं आणता, नाय कसं म्हणू? मी ती बाटली दारातल्या जास्वंदीला घातली."

आम्ही सगळ्यांनी दाराकडे बघितलं. जास्वंद कधीची मान टाकून उभी होती, आणि निहार तिला रोज पाणी घालून थकला होता.

माझा प्रयोग पार बुडाला! पावडर नाही, आगळ नाही, काहीतरी प्यायल्याचा विश्वाससुद्धा नाही. मग पंच्याण्णव किलो उचलले कशाने? मी विचारलं तर भागूबाई बार पुसत राहिल्या. त्यानंतर त्या पुन्हा नव्वदवर आल्या, पावडर पिऊनही आणि न पिऊनही. मला मनापासून वाईट वाटलं. पैज तोंडावर आली होती आणि निहारने आणि मी मिळून त्या बाईला धड कशावरच विश्वास ठेवू दिला नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी हॉल खचाखच भरलेला. दीपक पहिल्या रांगेत बसला होता. बाहेर त्याची गाडी होती आणि तिची डिकी आईच्या सामानासाठी रिकामी ठेवलेली. भागूबाईंनी पहिल्या प्रयत्नात नव्वद उचलले. दुसऱ्यात थेट शंभर लावले, पण बार गुडघ्यापर्यंत आला आणि खाली गेला. तीनपैकी उरला एकच प्रयत्न. एका बाजूने निहार पावडरीचा शेकर घेऊन धावला, दुसऱ्या बाजूने मी आगळाची बाटली घेऊन. भागूबाईंनी आम्हाला दोघांनाही हाताने बाजूला सारलं आणि त्या दीपकसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"चतुर्थीला सकाळी फोनवर काय बोल्लास मला? परत बोल."

दीपक खाली बघू लागला. "आये, जाऊ दे ना. रागात बोललो मी."

"बोल म्हणते ना!"

तेव्हा मला उमगलं त्या सकाळी काय घडलं होतं ते. आईला ते पुन्हा कशाला ऐकायचंय, हे दीपकलाही उमगलं. तो गप्प बसला असता तर पैज तोच जिंकला असता. त्याने बारकडे बघितलं, मग आईकडे बघितलं. तो उठून उभा राहिला आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा ओरडला, "तुझ्यानं आता काय होणार नाय, आये! बाजारातली तुझी जागा देऊन टाक कुणाला तरी!"

भागूबाई वळल्या. बांगड्या वर सरकवल्या. बार जमिनीवरून सुटला, गुडघ्याशी थरथरला, आणि त्या उभ्या राहिल्या! सरळ, ताठ, शंभर किलो हातात! निहारने मला मिठीच मारली. दीपक डोळे पुसत टाळ्या वाजवत होता, सगळ्यांपेक्षा जोरात.

एका बाईच्या रागावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला कळतं. कॅफीन काम करतं, हेही मी अजून सांगते. पण भागूबाई काय पिऊन उचलतात असं कोणी विचारलं, की निहार आणि मी एकमेकांकडे बघतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात गेले तेव्हा दीपक अजून निघाला नव्हता. आईची मासळीने भरलेली पाटी हातात घेऊन तो गर्दीतून वाट काढत होता. भागूबाई पुढे चालत होत्या.

"आये, कुठं ठेवू?" त्याने विचारलं.

"माझ्या जागेवर," भागूबाई म्हणाल्या.