पोशेऱ्याचं पाकीट

जव्हारला डेपोजवळ माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. मोखाड्याच्या बाजाराला मात्र मी पेटी घेऊन जीपने जातो आणि तिथेच बसतो. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांचा एक नियम होता: कुणी घड्याळ टाकून गेलं तर तीन होळ्या थांबायचं. इकडची माणसं दिवाळी झाली की ठाण्याकडे कामाला उतरतात आणि होळीला घरी येतात. तीन होळ्यांत आली नाहीत, तरच त्या घड्याळाचे भाग दुसरीकडे वापरायचे.

असं एक घड्याळ मी तिसऱ्या होळीच्या महिनाभर आधीच उघडलं. चावीचं, जुनं, पाकिटावर माणसाचं नाव नाही, फक्त गाव लिहिलेलं: ‘पोशेरा’. एका निवृत्त गुरुजींनी माझं डोकं खाल्लं होतं. त्यांच्या घड्याळाचा बॅलन्स, म्हणजे आत सारखं डोलणारं चाक, मोडला होता आणि नवा कुठे मिळत नव्हता. म्हटलं, दोन होळ्या फिरकला नाही तो आता कुठला येतोय! पोशेऱ्याच्या घड्याळातला काढला, गुरुजींच्या घड्याळात बसवला. गुरुजी खूश झाले, माझी मात्र झोप उडाली. बाजाराला बसलो की पोशेऱ्याकडून आलेल्या जीपमधून कोण उतरतंय, इकडेच डोळे.

होळीआधीच्या बाजाराला तो आला. सिमेंटने फाटलेले हात, खांद्याला पिशवी.

“काका, माझा घड्याळ झाला का?”

“भाग मिळत नाही,” मी म्हणालो. हे खोटं इतक्या सहज आलं की माझा मलाच राग आला.

तो तिथेच उकिडवा बसला. “पोरगी दहावीला हाय. परवा गणिताचा पेपर. आत मोबाईल नेऊ देत नाय. मागल्या पेपराला टाइमाचा अंदाजच आला नाय तिला, दोन प्रश्न ऱ्हायले. ती म्हणं, आपला घड्याळ जव्हारवाल्या काकांकडं हाय ना, तोच आणा.”

मी घाईघाईने पेटीत हात घातला आणि विकायला ठेवलेल्यांतलं, सेलवर चालणारं एक लेडीज घड्याळ काढून त्याच्या हातावर ठेवलं. “हे ने. तुझं होईपर्यंत पोरीला वापरू दे.” पैसे घेतले नाहीत. तो शेजारच्या सुकी मासळी विकणाऱ्या बाईला सांगत सुटला की असा माणूस मिळत नाय. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

खरी धडकी भरली ती दुसऱ्या दिवशी दुकानात. पेटीत डावीकडे नवा सेल घातलेली घड्याळं असतात, उजवीकडे सेल बदलायची राहिलेली. बाजाराला जाताना जीप आपटत गेली होती आणि सगळी एकमेकांत मिसळली होती. मग मी दिलं ते कुठलं? काटा फिरत होता, ते पाहिलं होतं. पण संपत आलेला सेलही फिरवतोच की, बंद पडेपर्यंत. चाळीस वर्षांचा धंदा आणि झाकण उघडून बघायचं सुचलं नाही! दिवसभर एकही काम धड झालं नाही. चिमट्यातून स्क्रू निसटत होते. त्याचा नंबरही मी कधी घेतला नव्हता.

पेपरच्या दिवशी पहिली जीप पकडून मोखाड्याला गेलो. पोशेऱ्याच्या मुलांचं परीक्षेचं केंद्र तिथल्याच शाळेत. फाटकाशी ही गर्दी. एकेकीच्या मनगटाकडे बघत हिंडलो तेव्हा एका बाईने मला फैलावर घेतलं. शेवटी तो दिसला, शेजारी मुलगी. घड्याळ तिच्या हातात सैल झालेलं, पण चालू होतं.

“एक मिनिट दे, बाळा.” तिथेच पायरीवर बसून झाकण उघडलं. नवा सेल घातला की त्यावर मी सुईने खूण करतो. यावर खूण नव्हती. सेल बदलला, खूण केली आणि वेळ लावून दिली. ती पळतच आत गेली.

तो हात जोडायला लागला. मला ते सोसवेना.

“हात जोडू नकोस,” मी म्हणालो. “भाग मिळत नाही म्हणालो ते खोटं होतं. तुझ्या घड्याळाचं चाक मीच काढून दुसऱ्याला बसवलं. तुझं घड्याळ आता रिकामं आहे.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. ओरडेल असं वाटलं, ओरडायला हवं होतं.

“तिकडं कामावर असताना,” तो हळूच म्हणाला, “मना वाटायचा, घर गळतंय, भांडी चोरीला जातील, पर घड्याळ काकांकडं हाय.” मग फाटकाकडे बघत म्हणाला, “पोरीला आज सांगू नका. पेपर होऊ दे.”

पेपर सुटेपर्यंत आम्ही कुंपणाशी शेजारी शेजारी बसलो. तो पुन्हा माझ्याशी बोलला नाही. फक्त मधूनमधून, फाटकावरची नजर न काढता, किती वाजले ते विचारायचा. मी सांगायचो, आणि तो दर वेळी मान हलवायचा.