उन्हातलं ब्रोमीन

उज्ज्वला केजच्या कॉलेजात एम.एस्सी. रसायनच्या शेवटच्या वर्षाला होती आणि चिडकी म्हणून सगळ्या विभागात गाजलेली. तेलगावहून जीपमध्ये कोंबून घेत यायचं, तोंडाला काळा स्टोल गुंडाळायचा आणि आल्या आल्या कुणाशी तरी वाजवून घ्यायचं. पण या खेपेला तिच्या चिडण्याला कारण होतं, आणि लई खरं होतं.

तिचा प्रकल्प तसा सरळ. एकाच हायड्रोकार्बन द्रवात दुहेरी बंध किती, म्हणजे तो किती असंपृक्त, हे वेगवेगळ्या रीतींनी मोजायचं आणि ताडून बघायचं. परमँगनेटचा जांभळा रंग उडाला की बंध आहेत एवढंच कळतं. आकडा द्यायचा तो ब्रोमीननं आणि आयोडीननं, आणि एका मापात मांडले की दोघांचे आकडे जवळपास यायला पाहिजेत. हिचा ब्रोमीनचा आकडा दरवेळी वाजवीपेक्षा जास्त यायचा.

"जुळवून टाक," मार्गदर्शक उत्तरेश्वर सर म्हणाले. "आजवर सगळ्यांनी जुळवलंय. न्हाईतर सही विसर." सही नाही तर प्रकल्प नाही, प्रकल्प नाही तर पदवी नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

विभागातला धूर ओढणारा पंखा बंद पडून जमाना झाला होता. ब्रोमीनचा वास छातीत बसतो, म्हणून त्याचं टेबल कायम व्हरांड्यात, भर उन्हात. आयोडीनच्या बाटल्या मात्र अंधाऱ्या कपाटात. त्या दुपारी घाम पुसायला तिनं स्टोल सोडला आणि हात तिथंच थांबला. ऊन लागलं की ब्रोमीन दुहेरी बंधावर थांबत नाही, साध्या बंधावरचा हायड्रोजनही हुसकून लावतं, म्हणून जास्त खर्ची पडतं आणि आकडा फुगतो. हे तिनं पाठ केलं होतं, आणि सर तर ते दरवर्षी शिकवत होते. तिनं फ्लास्क स्टोलमध्ये गुंडाळून भिंतीच्या सावलीला ठेवला आणि मग शिल्लक ब्रोमीन मोजलं. आकडा आयोडीनच्या शेजारी येऊन बसला. तिला आनंद झालाच नाही. आधी स्वतःचा राग आला, मग सरांचा.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "हे लिहू नको," ते म्हणाले. "माझी पीएच.डी. बी त्याच टेबलावर झालीय." सही काही केली नाही.

दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक यायचे होते. ती पोचली तर लॅबचे शिपाई नाथामामा टेबल इमारतीच्या मागं, सावलीला नेत होते.

"सरांनी सांगितलंय," मामा म्हणाले.

म्हणजे तिचं म्हणणं चाललं, ती नाही चालली. तिनं टेबल धरलं आणि फरशीवर घासत, अख्ख्या विभागाला ऐकू जाईल असं, परत व्हरांड्यात ओढून आणलं. सर बाहेर आले.

"हे काय चाललंय?"

"माझं लिहायचं न्हाई ना सर? मग ऱ्हाऊ द्या की उन्हात. परीक्षकांना इथंच दाखवू, उन्हात किती येतंय आन् स्टोलमधी किती."

फाटकातून परीक्षकांची गाडी आत वळत होती. सरांनी तिच्याकडं पाहिलं, मग टेबलाकडं. खिशातलं पेन काढून त्यांनी त्याच टेबलावर तिच्या प्रकल्पाच्या वहीत, खऱ्या आकड्यांखाली सही केली.

"आता तरी ने सावलीला," ते म्हणाले.

"मामा, तिकडून धरा," ती म्हणाली. राग काही गेला नव्हता. टेबल मात्र या वेळी तिनं घासत नेलं नाही, उचलून नेलं.