कोणता, ते इचारू नका

“कोणता, ते इचारू नका. किती, ते इचारा.”

असं म्हणून आमच्या शाळेतले विज्ञानवाले सर मूठभर फोडलेले चिंचोके टेबलावर फेकायचे. चिखलीच्या त्या शाळेत मी मराठी शिकवतो, आणि माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून. मी कवितेत जरा रंगलो की पलीकडून खळ्ळकन आवाज यायचा आणि माझी पोरं कान तिकडे लावून बसायची. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

एकदा तणतणत गेलो, तर मलाच बाकावर बसवलं. “बसा मराठीवाले, दोन मिनिटं.”

चिंचोका मधोमध फोडला की एक बाजू तपकिरी, एक पांढरी. सगळे फेकायचे, पांढरे पडले ते बाजूला काढायचे. “हे मोडले,” सर म्हणाले. “काही अणूंचा गाभा अस्थिर असते. कधीतरी तो आपोआप मोडते, किरण बाहेर फेकते, अन् अणू दुसराच होऊन जाते. यालेच किरणोत्सर्ग म्हणतात.” पुन्हा फेक, पुन्हा निम्मे बाजूला. निम्मे मोडायला जितका काळ लागतो ते अर्धायुष्य. कुणाचं क्षणभराचं, कुणाचं कोट्यवधी वर्षांचं. “पण हाच मोडंन, असं कोणी सांगू शकत नाही. अणूले म्हातारपण नसते. किती का टिकला असंना, पुढच्या फेकीत त्याची पाळी तेवढीच.”

“म्हणजे जुगारच की हो सर.”

“हो न. पण हिशोब पक्का!”

राहायलाही आम्ही एका भिंतीचे शेजारी. त्यांच्या घरात तिघंच: सर, त्यांची म्हातारी माय आणि वहिनी. दिवाणखान्यात बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यापुढे रोज ताजं फूल. चिंचा फोडायच्या दिवसांत वहिनी चिंचोके धुऊन, वाळवून, एकेक फोडून डब्यात भरायच्या. म्हणायच्या, “लोकाइच्या घरी चिचोके उकिरड्यावर जातात, आमच्या घरी शाळेत जातात.”

त्याच वहिनींच्या गळ्याला गाठ आली. कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं आणि मग नागपूरला त्यांना किरणोत्सारी आयोडीन पाजायचं ठरलं. सर मला उत्साहानं समजावत होते. गळ्यातली ती ग्रंथी आयोडीन ओढून घेते, तिच्या रोगट पेशीही घेतात. ते त्या पेशींच्या पोटात जाऊन मोडतं आणि त्यांनाच जाळतं. आठ दिवसांत निम्मं, पुढच्या आठ दिवसांत निम्म्याचं निम्मं. आपलं आयुष्यभराचं शिकवणं बायकोला वाचवायला निघालंय, असं त्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं.

वहिनी घरी आल्या, पण अंगातलं आयोडीन सरेपर्यंत काही दिवस अंतर ठेवायचं होतं. खाट वेगळी, ताट वेगळं, पेला वेगळा. गल्लीतल्या बाया भेटायला यायच्या, त्यांना खाटेवर टेकून, हात हातात घेऊन बोलायची सवय. पोटुश्या बायांना अन् लेकरांना त्या किरणांचा धोका जास्त, म्हणून सर दारातच खुर्ची टाकून बसले. बाया फुगून परत गेल्या.

मग मायला ते वेगळं ताट दिसलं.

“हे काय हाय?” भिंतीपलीकडून मला लख्ख ऐकू आलं. “तुह्या बापाच्या ओंजळीत वरून पाणी टाकत होते गावात. अन् तू आपल्याच घरात वेगळं ताट मांडून राह्यला?”

“माय, ते वेगळं होतं. हे थोड्या दिवसांचं हाय. कमी कमी होत सरते.”

“ते बी सरन, सरन, असंच म्हणत होते लोक.”

दुसऱ्या दिवशी सर जरा बाहेर गेले, तर माय सुनेच्या खाटेवर जाऊन बसली आणि तिच्याच ताटात जेवली. सर आले आणि असे ओरडले की मी धावत गेलो. माय शांतपणे घास चावत होती. “बोंबलू नको बे. मले काय आता लेकरं व्हायची हायेत?”

वहिनी भिंतीकडे तोंड करून हसत होत्या आणि रडतही होत्या. त्या घरातलं हसू मी ऐकलं ते तेव्हा शेवटचं.

रोग परतला, फुप्फुसात गेला. आणि त्या पेशी आता आयोडीन घेईनात. डॉक्टर भला माणूस. त्यांनी सरळ सांगितलं की अशा रुग्णांपैकी निम्मे बरेच दिवस काढतात.

सरांनी त्यांचं टेबल दोन्ही हातांनी धरलं. “निम्म्याइचं मले नका सांगू. निम्म्याइचं मी शिकवतो. हिचं सांगा.”

“ते कुणालाच सांगता येत नाही, सर.”

बाहेर येऊन ते व्हरांड्यात फरशीवरच बसले. “मराठीवाले, तुमच्या कवितेत काही हाय का हो?”

नव्हतं. मी नुसता बाजूला बसलो.

जन्मभर अंगारे-धुपाऱ्यांवर तुटून पडणारा हा माणूस पुढे जळगाव जामोदकडच्या कुण्या वैदूची मुळी कागदात बांधून आणताना मला दिसला. “काही इचारू नका,” एवढंच म्हणाला. चिंचा फोडायच्या दिवसांतच वहिनी गेल्या.

शाळा उघडली, तो चिंचोक्यांचा धडा आला, पण पलीकडून आवाज आला नाही. सरांनी नोकरी सोडली आणि मायला घेऊन सुलतानपूरला जाऊन राहिले.

मागच्या हिवाळ्यात मी गेलो होतो. सर जेवत होते. ताट पाहिलं आणि ओळखलं, वहिनींचं ते वेगळं ताट. “दुसऱ्या ताटात जेवतच नाही तो,” माय हळूच म्हणाली.

मला राहवलं नाही. “सर, त्यात आता काय उरलं असणार?”

“हिशोबानं काहीच नाही,” ते म्हणाले. मग घास तसाच हातात ठेवून ताटाच्या काठावरून बोट फिरवत राहिले. “पण कोणता टिकंन ते कोणाले सांगता येते, मराठीवाले? एखादा राह्यलाही असंन.”