गाजेच्या वायरी
सुंभाचा वास आला की मालगुंडच्या घरातली शिमग्याची ती दुपार आठवते. संध्याकाळी नमनाच्या खेळात मला समुद्राची गाज वाजवायची होती. "लॅपटॉपवर कर, आवाज सेव्ह तरी होईल," भाऊ म्हणाला होता. मी हट्टाने सिंथेसायझरची खरी मॉड्यूल्सच, आवाजाचे ते सुटे डबे, मांडली. त्यांचा आवाज वायरींच्या जोडणीतच असतो; वायरी काढल्या की गेला. आठवडाभर खपून गाज जमवली आणि जेवायला गेले. परतले तर आईने सगळ्या वायरी उपटून सुंभाने बांधलेल्या. "केवढा गुंता होता गो! सोडवून ठेवलाय." भाऊ माझ्याकडे बघेना. अंदाजाने वायरी जोडल्या, गाज भलतीच निघाली, तीच वाजवली. "तोच ना गो आवाज?" आईने विचारलं. "तोच," म्हटलं. आता सगळे आवाज लॅपटॉपात सेव्ह असतात. त्या दिवशीची ती भलती गाज तेवढी नाही.