माकडाच्या आयाळीचं घरटं

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. आमच्याकडे पेंढा भरलेलं एक सिंहपुच्छ वानर आहे, तोंडाभोवती राखाडी आयाळ असलेलं माकड. अंबाजोगाईत ते जिवंत कुणी पाहिलेलं नाही. दक्षिणेतल्या जंगलात राहतं आणि तिथेही थोडंच उरलंय. प्रात्यक्षिक परीक्षेत त्याच्याशेजारी बुलबुलाचं चित्र ठेवून कोणाची संख्या किती, कोणाला धोका, अशी तुलना लिहायला सांगतात. मुलं पाच ओळींत उरकतात.

जुन्या कातड्याला कीड लागू नये म्हणून सोमल हे विष चोळलेलं असतं. त्यामुळे त्याची धूळ मी हातमोजे घालूनच झटकते, आणि हात लावणाऱ्या मुलांना रागावते.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या कपाटाची काच फुटली. खिडकीची जाळी आधीच फाटलेली. एका सकाळी शिपाईमामा म्हणाले, "ताई, तुमच्या माकडाची हजामत चाललीय बघा."

बुलबुलाची मादी त्याच्या खांद्यावर बसून आयाळीचे राखाडी केस उपटत होती. व्हरांड्यातल्या वायरींच्या जुडग्यावर तिचं घरटं चाललं होतं. मी तिला हाकललं नाही. इतकी वर्षं नुसतं उभं आहे, कुणाच्या तरी कामी येतंय, एवढंच वाटलं.

तीन पिल्लं निघाली. शनिवारी धूळ झटकायला हातमोजे चढवताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पिसं न फुटलेली ती पिल्लं त्याच केसांत लोळत होती. मी विभागप्रमुखांना म्हणाले, "सर, घरट्यातले केस काढून कापूस घालते."

ते अर्धी आयाळ गेलेल्या माकडाकडेच बघत होते. "बाई, बुलबुल त्या लिंबावर ढिगानं हायत. हे गेलं तर दुसरं आणायचं कुठून? आता मेलेलंबी मिळत न्हाई. सोमवारी परीक्षक येतेत. आधी जाळी ठोका."

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी जाळी ठोकली. शिडी लावून घरट्यापर्यंत पोचायला पाच मिनिटं लागली असती. पण सुटायची वेळ झाली होती. मी घरी गेले.

सोमवारी तिन्ही मेलेली होती. सोमलानं की उन्हानं, सांगता येत नाही. मादी चोचीत अळी धरून वायरीवर बसली होती. मी घरटं उतरवलं, चिमट्यानं केस वेगळे केले आणि परीक्षक यायच्या आत डिंकानं माकडाला परत चिकटवले. पिल्लं खोल पुरली. कुत्र्यांच्या पोटात सोमल जायला नको.

परीक्षेत मुलांनी लिहिलं : बुलबुल, संख्या भरपूर, धोका नाही. उत्तर बरोबरच होतं. मी उत्तरपत्रिका गोळा करून बांधल्या.