सरांनी मला विचारलं तेव्हा

सर पुस्तकात बोट घालून ते मिटायचे आणि म्हणायचे, "आता आपापल्या घरात डोकावा." मग आम्ही समजायचो, ग्रीस संपलं, आपलं गाव सुरू झालं.

घोडेगावच्या कॉलेजात ते इतिहास शिकवत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सरांची मुलगी माझ्याच वर्गात होती. शिनोलीहून आम्ही तिघं एकाच एसटीनं यायचो. गाडीत ती त्यांना आप्पा म्हणायची, वर्गात सर. पोरं चिडवायची, "घरी पण हजेरी देती का गं?"

दुसऱ्या वर्षाला तिचं लग्न ठरलं. सरांनी एसटीडी बूथवरून होकार कळवला तेव्हा ती घरी भाकरी थापत होती. पहिली पत्रिका ओझरच्या गणपतीपुढं ठेवून झाली.

त्याच आठवड्यात सरांनी अथेन्समधलं लग्न शिकवलं. मुलीचा बाप आणि होणारा नवरा आपसात शब्द देत. मुलगी चौदा-पंधराची, तो तिशीचा. ती तिथं नसली तरी चालायचं. सरांनी पुस्तक मिटलं. "आता आपापल्या..." म्हणाले आणि पहिल्या बाकावरच्या आपल्या मुलीकडे बघत राहिले.

संध्याकाळी स्टँडवर त्यांनी तिला विचारलं, "तुला पसंत हाय ना गं?"

ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "आता इचारून काय, आप्पा? गणपतीला पत्रिका दिली की."

"नको म्हण. मी मोडतो."

"आन् आईनं तोंड कुठं दाखवायचं?"

गाडी आली. ती आधी चढली.

लग्नानंतर माहेरी यायची ती दर खेपेला आणखी गप्प झालेली. सासरी त्रास नव्हता. "जीव रमत न्हाई," एवढंच मला म्हणाली होती.

काही वर्षांनी माझं ठरत होतं, तर सर न बोलावता घरी आले. चहा तसाच ठेवून मला म्हणाले, "तुला चालतंय ना? नको असंल तर आत्ता सांग." मी हो म्हणाले. ते खरंच होतं, पण सरांना पटेना. पुन्हा विचारलं. वडील हसले, "सर, पोरीचा बाप मी हाय का तुमी?" सर हसले नाहीत.

माझ्या हळदीला त्यांची मुलगी एकटीच आली. सरांना जाऊन महिना झाला होता. माझ्या हाताला हळद लावता लावता तिनं हळूच विचारलं, "आप्पांनी तुला इचारलं व्हतं ना?"

मी मान डोलावली. ती मागच्या बाईला जागा देऊन बाजूला झाली.