मागं बघा

आता काय सांगू तुम्हाला, पस्तीस वर्षं शाळेत मराठी व्याकरण शिकवलेल्या माणसानं भर सभेत, माईक हातात असताना, व्याकरणातच तोंडघशी पडावं? आणि तेही एका मेलेल्या लेखकापायी! हसू नका. चहा घ्या आणि ऐका.

निवृत्त झाल्यापासून मी पुस्तकांची प्रुफं तपासतो. आमच्या कोल्हापुरात अद्भुत कादंबऱ्या लिहिणारे एक तात्यासाहेब होते. बोलणारी वटवाघळं, पाताळातल्या जत्रा, उलट्या पायांचे सरदार, असला सगळा कारभार. ते मागच्या वर्षी गेले. दिवसकार्य आटोपल्यावर पत्र्याच्या ट्रंकेत एक वही सापडली. लग्नाच्या वर्षी लिहायला घेतलेली त्यांची पहिली कादंबरी, कधीच न छापलेली. नाव 'धुक्याखालचं गाव'.

पन्हाळ्यासारखा एक गड. खाली धुकं उतरलं की त्यात मेलेल्यांचा आठवडी बाजार भरतो. मेलेली माणसं वांगी निवडतात, हाताच्या खुणांनी भाव करतात, पण आवाज म्हणून नाही. गावाचा नियमच तसा: मेलेल्याला बोलता येत नाही, लिहिता येतं.

हे वाक्य ध्यानात ठेवा. माझा घात त्यानंच केला.

ही कादंबरी छापून यावी, ही तात्यासाहेबांनी घरी सांगून ठेवलेली शेवटची इच्छा. पण वहीत शेवटचं प्रकरणच नव्हतं! प्रकाशक रोखठोक माणूस. म्हणाले, "मास्तर, वहीचं फोटू काढून हाय तेवढं टाईप करून घेतलंय, तुम्ही प्रुफं बघा. पण शेवट घावला तरच छापणार. न्हाईतर वही परत ट्रंकेत."

वही घराबाहेर द्यायला काकी, म्हणजे तात्यासाहेबांच्या पत्नी, तयार नव्हत्या. म्हणून मी रोज दुपारी प्रुफं घेऊन कसबा बावड्याला जायचो आणि तात्यासाहेबांच्या खोलीत बसून वहीशी ताडून बघायचो. काकी घरात एकट्याच. पहिल्याच दिवशी त्यांनी लाईटबिल माझ्यापुढं धरलं. "मास्तर, काय लिवलंय वाचा की जरा." मी वाचून दाखवलं आणि मनात नोंद केली, बाई बिचारी अडाणी दिसते. एवढ्या मोठ्या लेखकाची बायको, काय हे नशीब!

ती खोली मात्र मला पहिल्यापासून बरी वाटली नाही. दाराशी तात्यासाहेबांच्या चपला, टोकं आतल्या बाजूला. भिंतीवरचं कॅलेंडर ते गेले त्याच महिन्यावर थांबलेलं. टेबलावर शाईचं पेन. बाहेर टळटळीत ऊन, साखर कारखान्याच्या मळीचा वास, आणि आत अंगावर गारठा. पंखा बंद असून!

पहिल्या दिवशी मी प्रुफाच्या समासात प्रश्न लिहिला: "धुकं की धुके?" आणि कागद तिथंच ठेवून घरी आलो. प्रश्न प्रकाशकांसाठी होता.

दुसऱ्या दिवशी खाली उत्तर! "धुकंच. मी सांगतो तसं ठेवा."

वहीतलंच अक्षर. तोच काना, तीच वेलांटी. तात्यासाहेबांचं हे अक्षर सगळ्या कोल्हापूरला पाठ. मी पेन उघडलं. निब ओलं. खुर्चीला हात लावला. खुर्ची कोमट!

"काकी," मी जमेल तेवढ्या स्थिर आवाजात विचारलं, "ह्या खोलीत कोण येतं का हो?"

"कोण येणार? मी झाडलोट करतो तेवढीच."

ऐकलंत ना तुम्ही? मी पण ऐकलं. या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

मग काय, सवाल-जवाबच सुरू झाले. मी दुपारी विचारायचो, दुसऱ्या दिवशी उत्तर हजर. "हा परिच्छेद गाळू का?" "राहू दे." "सरदाराचा घोडा काळा की पांढरा?" "काळा. पान बारा नीट वाचा." घरी जाताना ठरवायचो, उद्या यायचं नाही; पण दुसऱ्या दिवशी दोन वाजले की पाय आपोआप बावड्याकडं वळायचे. मेलेल्या लेखकाशी पत्रव्यवहार करणारा अख्ख्या महाराष्ट्रात मी एकटाच असणार!

माणूस सवयीनं सोकावतो. काकींच्या चहात साखरेचा कण नसायचा. एके दिवशी मी समासात लिहिलं, "तात्यासाहेब, जरा काकींच्या स्वप्नात जाऊन सांगा की साखर तुम्हाला बंद होती, मला नाही. बाई फार कंजूष आहे हो!"

दुसऱ्या दिवशी चहा असा आला की ओठाला ओठ चिकटले.

म्हणजे खरंच स्वप्नात गेले? काकी दारात उभ्या राहून माझ्याकडं बघत होत्या. "बरा झालाय न्हवं?" मला 'हो' म्हणायलाही तोंड उघडेना. अर्धं भीतीनं, अर्धं पाकानं.

आता मात्र मी मुद्द्याला हात घातला. रोज लिहायला लागलो: "तात्यासाहेब, शेवट द्या. शेवटावाचून पुस्तक निघत नाही." एक दिवस गेला, दोन गेले. उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी खोलीत शिरलो. घरात चिटपाखरू नाही, आणि टेबलावरच्या कोऱ्या कागदावर मधोमध दोनच शब्द.

"मागं बघा."

देवाशप्पथ सांगतो, मानेवरचा केस न् केस उभा राहिला. बघू नको म्हणून मन सांगत होतं आणि मान वळतच होती. वळली. दारात, अगदी दोन हातांवर, पांढरी आकृती!

मी जी बोंब ठोकली, ती कारखान्यापर्यंत गेली असणार.

"आवो मास्तर, मी हाय की!" पांढरं पातळ नेसलेल्या काकी चहा घेऊन उभ्या होत्या. "घाबरलासा व्हय? कागद उलटा की. मागच्या बाजूला लिवलंय."

कागद उलटला. मागं एकच ओळ: "शेवट उद्या देतो."

आणि दुसऱ्या दिवशी खरंच नऊ पानं! नायिका धुक्यात उतरते, बाजारात तिला मेलेला नवरा भेटतो. दोघं बोलत नाहीत. एकाच पाटीवर आळीपाळीनं लिहीत बसतात, धुकं विरेपर्यंत. मी वाचलं आणि खरं सांगतो, रडलो.

प्रकाशकांनी पानं बघितली आणि विचारलं, "मास्तर, हे काकींनी तर लिवलं नसंल?"

मी हसलो. "अहो, बाईला लाईटबिल वाचता येत नाही! आणि क्रियापद बघा. सगळीकडं सांगतो, देतो. बाईनं लिहिलं असतं तर सांगते, देते आलं असतं. माणूस खोटं बोलेल, व्याकरण बोलत नाही!"

पुस्तक निघालं. प्रकाशनाला सभागृह गच्च भरलं. मला दोन शब्द बोलायला सांगितलं आणि मी वीस मिनिटं बोललो. कोमट खुर्ची, ओलं निब, गोड चहा, सगळं. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी हात जोडले. मला चेव चढला. "मंडळी, हा शेवट तात्यासाहेबांनी वरून लिहून धाडलाय!"

काकी उठल्या. हळूहळू स्टेजवर आल्या, माझ्या हातातला माईक घेतला.

"मास्तर, वरनं न्हवं ओ. सैपाकघरातनं."

हशा असा उसळला की काय सांगू! तो थांबेपर्यंत काकी थांबल्या. मग म्हणाल्या, "लगीन झाल्यापासनं ते येरझाऱ्या घालत सांगायचे आन् मी लिवायचो. सगळी पुस्तकं माझ्याच अक्षरात हाईत. ह्या कादंबरीचा शेवट त्यांना जल्मात सुचला न्हाई. 'तू कर की पुरी' म्हणायचे. माझं धाडस हुईना. मास्तर रोज कागदावर मागत ऱ्हायले, मग बसलो लिवायला."

लाज अशी वाटली म्हणता! ज्या बाईला मी अडाणी ठरवलं, तिच्याच ओळींवर मी रडलो होतो. आणि आत्ता भर सभेत तिचं श्रेय उचलून एका भुताला देऊन मोकळा झालो होतो.

"पण काकी, लाईटबिल?"

"चष्मा आत हुता."

"आणि ते 'देतो', 'सांगतो'?"

"मग काय म्हणायचं? कोल्हापूरची बाई हाय मी. जातो, येतो, करतो, असंच बोलतो. तुमची मंडळी काय येगळं बोलत्यात व्हय?"

सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडं वळल्या. तिथं माझी बायको बसली होती. तीस वर्षांचा संसार. तिनं पिशवी उचलली, पदर सावरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मी जातो घरी! ह्यांना तुम्हीच ठेवून घ्या!"

दुसऱ्या आवृत्तीत मुखपृष्ठावर काकींचंही नाव आलंय. मला त्यांनी स्वतः एक प्रत दिली. पहिल्या पानावर तेच वळणदार अक्षर: "मास्तरांना. मागं बघा."

या वेळी मी मान वळवली नाही, पान उलटलं.

"चहाला येत जा. साखर घरनं आणा."